बगळ्याची पाहणी

पशुपक्षी एकमेकांशी करार करत आणि ते पाळतही, त्या काळची ही गोष्ट. एका मोठ्या तळ्याचा कारभार म्हाताऱ्या कासवाकडे होता. उन्हाळ्यात बांधातले दगड सरकवून आसपासच्या डबक्यांना पाणी सोडायचं, हे त्याचं काम. पण पाणी थोडं आणि डबकी फार. कुठे किती मासे राहतात हे कळल्याशिवाय वाटणी करायची कशी? आणि कासवाच्या चालीने सगळी डबकी बघून होईपर्यंत उन्हाळाच सरला असता.

म्हणून त्याने दूरच्या सरोवरावरच्या एका विद्वान बगळ्याशी भागीदारी केली. बगळ्याने पाहणी करायची, कासवाने पाणी द्यायचं. पाहणी संपेपर्यंत एकही मासा खायचा नाही, असं ठरलं आणि बगळ्याने ते कसोशीने पाळलं. प्रत्येक डबक्यात तो तासन्‌तास उपाशी उभा राहिला. शेवटी त्याने सांगितलं, “बाभळीखालच्या गाळाच्या डबक्यात कुणीच राहत नाही.”

कासवाने तिकडचा दगड हलवला नाही.

वैशाखात एक मरळ चिखलातून सरपटत तळ्यावर आली. “बाभळीखालचं डबकं आटलं,” ती म्हणाली. “मी तेवढी वाचले.”

कासव चरकलं. बगळा शेजारीच उभा होता. “तिथे तुम्ही होतात? मग बगळेरावांना दिसला कसे नाहीत?”

“हे आले की आम्ही सगळे गाळात शिरायचो.”

“मी तुम्हाला खाणार नव्हतो,” बगळा दुखावून म्हणाला. “तसा करारच झाला होता.”

“झाला असेल,” मरळ म्हणाली. “पण तो तुमच्या दोघांत झाला होता.”