गुंडी हटणार नाही

सांगा बरं, गोगलगायीचं घर कुठे असतं?

पाठीवर?

नाही हं. पाठीवर असतो तो शंख. शंख म्हणजे तिचा अंगरखा. घर म्हणजे घर.

ही आपली गुंडी. सदऱ्याच्या गुंडीएवढी गोगलगाय, म्हणून नाव गुंडी. गुंडी राहायची काचेच्या टाकीत. टाकीत पाणी. पाण्यात नऊ मासे. आणि कोपऱ्यात एक मातीचं बोळकं. लाल लाल. काठाचा टवका उडालेलं. ते बोळकं गुंडीचं.

टाकी होती कुंदाताईची.

एके दिवशी कुंदाताईने घर बदललं. या गल्लीतून त्या गल्लीत. मग टाकीही निघाली.

टाकी हलवणं एकट्याचं काम नाही. पण कुंदाताईला काळजी नव्हती. गावात ज्यांच्या ज्यांच्या घरी माशांची टाकी, ते सगळे आले. त्यांची रीतच तशी. एकाची टाकी हलली, की सगळ्यांचे हात लागतात.

पाणी काढलं. वाळू काढली. मासे बादलीत गेले. बोळकं पिशवीत गेलं.

आणि गुंडी?

गुंडी झोपली होती. टाकीच्या झाकणाला आतून चिकटून. गाढ. कोणी पाहिलंच नाही.

झाकण हातगाडीवर चढलं. हातगाडी नव्या घरी आली. झाकण भिंतीला टेकवलं. ठक.

गुंडी जागी झाली. एक शिंग बाहेर काढलं. दुसरं शिंग बाहेर काढलं. इकडे पाहिलं. पाणी नाही. तिकडे पाहिलं. टाकी नाही. बोळकं तर कुठेच नाही.

"माझं घर कुठे गेलं?"

आसपास कोणीच नव्हतं.

"बरं," गुंडी म्हणाली. "मग मीच शोधते."

आणि ती निघाली. लिबुक लिबुक, लिबुक लिबुक.

अंगणात होते दिगूनाना. त्यांच्यापुढे पाण्याचं मोठं पिंप. दिगूनाना पिंपाच्या झाकणावर हात ठेवून उभे होते.

"नाना, नाना, पाणी ओता.
पाणी नाही, तर माझं घर नाही."

नानांनी चष्मा पुसला. खाली वाकले.

"हे साधं पाणी नव्हे बाळ. टाकीतलंच जुनं मुरलेलं पाणी आहे. असं कुठेही ओतत नाही मी. आधी वाळू, मग पाणी. तू जा, बादलीत जाऊन बस."

"बादलीत बसणार नाही. बादली म्हणजे घर नाही.
मी गुंडी. मी एवढीशी.
पण मी हटणार नाही."

"मग जा, वाळूवाल्या मावशीला सांग."

गुंडी निघाली. लिबुक लिबुक, लिबुक लिबुक.

नळाखाली होती नसीममावशी. तिच्यापुढे घमेलं. घमेल्यात वाळू. मावशी वाळू धूत होती. सळ सळ, सळ सळ.

"मावशी, मावशी, वाळू अंथर.
वाळू नाही, तर पाणी नाही.
पाणी नाही, तर माझं घर नाही."

"अगं, अंथरू कशात? माझ्या पदरात?" मावशी म्हणाली. "आधी टाकी, मग वाळू. तू जा, बादलीत जाऊन बस."

"बादलीत बसणार नाही. बादली म्हणजे घर नाही.
मी गुंडी. मी एवढीशी.
पण मी हटणार नाही."

मावशी हसली. तिचा हात ओला होता. एक थेंब गुंडीवर पडला. टप. गुंडीला बरं वाटलं.

"मग जा, टाकीवाल्या मामाला सांग."

गुंडी निघाली. लिबुक लिबुक, लिबुक लिबुक.

ओट्यावर होता फिलिपमामा. त्याच्याजवळ गादी. गादीवर काचेची टाकी. रिकामी. मामाने टाकीला दोन्ही हातांनी धरलं होतं. नाक खाजत होतं, तरी हात सोडत नव्हता.

"मामा, मामा, टाकी ठेव.
टाकी नाही, तर वाळू नाही.
वाळू नाही, तर पाणी नाही.
पाणी नाही, तर माझं घर नाही."

"काच आहे बाई, काच," मामा म्हणाला. "काचेला खाली मऊ लागतं. नाहीतर तडा जातो. आधी थर्मोकोल, मग टाकी. तू जा, बादलीत जाऊन बस."

"बादलीत बसणार नाही. बादली म्हणजे घर नाही.
मी गुंडी. मी एवढीशी.
पण मी हटणार नाही."

"मग जा, थर्मोकोलवाल्या ताईला सांग. आणि जाता जाता माझं नाक खाजव."

"माझा हात पुरत नाही," गुंडी म्हणाली. "मला हातच नाहीत."

गुंडी निघाली. लिबुक लिबुक, लिबुक लिबुक.

मध्ये उंबरा आला. केवढा उंच उंबरा. गुंडी चढली. चढली, चढली, चढली. मग उतरली. उतरली, उतरली, उतरली.

उंबऱ्याच्या आत होती उल्काताई. तिच्या हातात थर्मोकोलचा तक्ता. पांढरा पांढरा. ताई कडा कापत होती. किर्र किर्र, किर्र किर्र.

"ताई, ताई, थर्मोकोल घाल.
थर्मोकोल नाही, तर टाकी नाही.
टाकी नाही, तर वाळू नाही.
वाळू नाही, तर पाणी नाही.
पाणी नाही, तर माझं घर नाही."

"घालू कशावर? जमिनीवर?" उल्काताई म्हणाली. "मग मांजर येऊन मासे मोजेल. आधी टेबल, मग थर्मोकोल. तू जा, बादलीत जाऊन बस."

"बादलीत बसणार नाही. बादली म्हणजे घर नाही.
मी गुंडी. मी एवढीशी.
पण मी हटणार नाही."

"मग जा, टेबलवाल्या दादाला सांग."

गुंडी निघाली. लिबुक लिबुक, लिबुक लिबुक.

खोलीच्या दाराशी होता सुदामदादा. त्याच्यापुढे लोखंडी टेबल. दादा टेबलाचे पाय ठोकून बघत होता. ठण ठण, ठण ठण.

"दादा, दादा, टेबल मांड.
टेबल नाही, तर थर्मोकोल नाही.
थर्मोकोल नाही, तर टाकी नाही.
टाकी नाही, तर वाळू नाही.
वाळू नाही, तर पाणी नाही.
पाणी नाही, तर माझं घर नाही."

"मी केव्हाचा तयार आहे," दादा म्हणाला. "पण मांडू कुठे? टेबलाच्या जागेवर बाई बसल्यात. फतकल मारून. आधी जागा, मग टेबल. तू जा, बादलीत जाऊन बस."

"बादलीत बसणार नाही. बादली म्हणजे घर नाही.
मी गुंडी. मी एवढीशी.
पण मी हटणार नाही."

"मग जा, त्या बाईंना सांग. आम्ही सांगून दमलो."

गुंडी निघाली. लिबुक लिबुक, लिबुक लिबुक.

आता गुंडी दमली होती. अंग सुकलं होतं. शिंगं वाकली होती. पण ती थांबली नाही.

खिडकीखाली, भिंतीजवळ, बरोब्बर टेबलाच्या जागेवर एक बाई बसली होती. मांडीवर पिशवी. पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. डोळे घट्ट मिटलेले.

"बाई, बाई, जागेवरून उठा.
जागा नाही, तर टेबल नाही.
टेबल नाही, तर थर्मोकोल नाही.
थर्मोकोल नाही, तर टाकी नाही.
टाकी नाही, तर वाळू नाही.
वाळू नाही, तर पाणी नाही.
पाणी नाही, तर माझं घर नाही."

बाईने डोळे उघडले नाहीत.

"उठणार नाही," बाई म्हणाली. "सकाळपासून सगळे सांगतात, उठ. उठणार नाही. नऊ मासे आले. वाळू आली. पाणी आलं. माझी गोगलगाय आली नाही. म्हणे, दुसरी आणू. दुसरी आणा आणि तिला काय म्हणायचं? माझी गोगलगाय सापडेपर्यंत मी हटणार नाही."

"मीसुद्धा हटणार नाही," गुंडी म्हणाली.

"तू कोण गं, न हटणारी?"

"मी गुंडी. मी एवढीशी."

बाईने एक डोळा उघडला. मग दुसरा डोळा उघडला.

ती होती कुंदाताई.

"गुंडे, कुठे होतीस तू?"

"झाकणावर. झोपले होते. आणि माझं बोळकं कुठे आहे?"

कुंदाताईने पिशवी उघडली. आत बोळकं. लाल लाल. काठाचा टवका उडालेलं.

"हे काय. मांडीवर घेऊन बसले आहे."

कुंदाताईने गुंडीला तळहातावर घेतलं. मग दाराकडे पाहिलं. दारात सगळे जमले होते. नाना, मावशी, मामा, ताई, दादा.

"तुम्हाला ही भेटली होती?" कुंदाताईने विचारलं.

"भेटली होती," पाचही जण म्हणाले.

"मग मला का नाही सांगितलं?"

नाना म्हणाले, "मला वाटलं, मावशी सांगेल."

मावशी म्हणाली, "मला वाटलं, मामा सांगेल."

मामा म्हणाला, "मला वाटलं, ताई सांगेल."

ताई म्हणाली, "मला वाटलं, दादा सांगेल."

दादाने टेबल उचललं.

कुंदाताई उठली, तर जागा झाली.
जागा झाली, तर टेबल आलं. ठण ठण.
टेबल आलं, तर थर्मोकोल आला. किर्र किर्र.
थर्मोकोल आला, तर टाकी आली. हळू, हळू, काच आहे बाई, काच.
टाकी आली, तर वाळू आली. सळ सळ.

मामाने आधी नाक खाजवलं. खूप खूप खाजवलं.

नानांनी पाण्याचा तांब्या भरला.

"थांबा नाना," गुंडी म्हणाली.

सगळे थांबले.

"आधी माझं बोळकं."

"असं नसतं बाळ," नाना म्हणाले. "आधी पाणी. मग मासे. गोगलगाय सगळ्यांत शेवटी. रीत आहे तशी."

"आज नाही," कुंदाताई म्हणाली. "आज सगळ्यांत आधी गुंडी."

कुंदाताईने कोपऱ्यात बोळकं ठेवलं. बोळक्यावर गुंडीला ठेवलं. वाळू उसळू नये म्हणून वाळूवर एक बशी ठेवली. मग नानांनी बशीवर पाणी सोडलं. बुड बुड, बुड बुड.

पाणी वाळूवर आलं. बोळक्याच्या पोटावर आलं. बोळक्याच्या काठावर आलं. गुंडीच्या अंगावर आलं. गुंडीची शिंगं ताठ झाली.

पाणी भरलं, तर मासे आले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ.

संपलं?

नाही. एक काम राहिलं.

नव्या दुधाला विरजण लागतं ना? दही व्हायला? तसंच नव्या जागी लावलेल्या टाकीला जुन्या टाकीचं विरजण लागतं. पाणी चांगलं राहायला. सगळ्यांनी आपापल्या घरच्या टाकीतल्या, पाणी गाळायच्या स्पंजचा तुकडा आणला होता. काळा काळा. न धुतलेला.

नानांनी पिळला. पिळ पिळ.
मावशीने पिळला. पिळ पिळ.
मामाने पिळला. पिळ पिळ.
ताईने पिळला. पिळ पिळ.
दादाने पिळला. पिळ पिळ.

टाकीतलं पाणी झालं तपकिरी. चहासारखं.

"हे काय केलंत?" गुंडी बोळक्यावरून ओरडली. "मला काहीच दिसत नाही."

"निजून राहा," कुंदाताई म्हणाली. "सकाळी बघ."

"निजणार नाही," गुंडी म्हणाली.

आणि लगेच निजली. बोळक्याला घट्ट चिकटून.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी निवळलं होतं, आणि गुंडी आपल्या बोळक्याच्या काठावर बसून शेवाळ खात होती.