आधी पाणी

पाणी प्यालात ना? मग बसा, पण या दगडावर. समोरचा मोकळा ठेवायचा असतो. खिंडीतल्या या रांजणापाशी अशी रीत आहे की वाटसरूने आधी पाणी प्यायचं आणि मग मोकळ्या दगडाकडे तोंड करून आपलं काहीतरी म्हणायचं. ओवी म्हणा, चार ओळी जुळवलेल्या असतील त्या म्हणा. कुणी हसत नाही. ही रीत नागोजी गुरवाची, असे सांगतात.

गाडीरस्ता होण्याच्या फार आधीची गोष्ट. नागोजी कवनं रचायचा. देवळात दिवा लावायला जायचा आणि बोटांवर मात्रा मोजत तिथेच बसायचा. देव बिचारा अंधारात. एका शब्दापायी भाकरी वाळून जायची. पण ओळ उभी राहिली की नाही, हे रचणाऱ्याला एकट्याने कळत नाही, ते ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर कळतं. आणि नागोजी दिसला की गाव वाट बदलायचं. बायको होती तोवर चुलीपाशी बसून हुंकार द्यायची. ती गेली आणि घर त्याला खायला उठलं.

तेव्हा म्हणे त्याने युक्ती काढली. या खिंडीत पाण्याचा थेंब नाही. खालच्या झऱ्यावरून कावडीने पाणी आणून तो हा रांजण भरू लागला. घाट चढून कुणी आलं की म्हणायचा, “आधी कवन ऐका, मग पाणी.” लोक ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ असं पुटपुटत बसायचे, डोळे रांजणावर. कवन संपायच्या आत ‘वा, वा!’ करायचे, घटाघटा प्यायचे आणि चालू पडायचे. नागोजीला ते कळत नव्हतं असं नाही. तरी दुसऱ्या दिवशी कावड पुन्हा खांद्यावर असायची.

एका वैशाखात, भर दुपारी, एक म्हातारी चढून आली. लेकीच्या बाळंतपणाला पलीकडच्या गावी निघालेली, डोक्यावर बोचकं.

“पाणी दे रं लेकरा.”

“देतो आई. आधी एवढं ऐका.”

ती दगडाला टेकून बसली. नागोजीने त्या दिवशी बायको गेल्यावर रचलेलं कवन काढलं. ते त्याने कुणालाच ऐकवलं नव्हतं. म्हातारी एकटक बघत होती, आणि रांजणाकडे नाही, त्याच्याकडे. इतकं मन लावून त्याला कुणी कधी ऐकलं नव्हतं. एक कडवं त्याने दोनदा म्हटलं, मग पुढचं, मग त्याच्याही पुढचं. शेवटची ओळ झाली तेव्हा त्याने तांब्या भरून पुढे केला. म्हातारीने हात पुढे केला नाही.

“आई?”

ती कितव्या कडव्याला गेली, हे त्याला कधीच कळलं नाही.

त्याने तिला खांद्यावर घेतलं आणि पलीकडे उतरून लेकीच्या दारात पोचवलं. लेक एवढंच म्हणाली, “शेवटी पाणी तरी मिळालं का वो तिला?”

त्यानंतर त्याने स्वतःचं कवन कधी म्हटलं नाही. येईल त्याला आधी पाणी. मग हात जोडून म्हणायचा, “तुमचं काही असेल तर म्हणा, मी ऐकतो.” लोक लाजायचे. मग एखादी बाई जात्यावरची ओवी म्हणायची. एखादा धनगर, मेंढरांखेरीज कुणी न ऐकलेल्या दोन ओळी म्हणायचा. नागोजी समोरच्या दगडावर बसून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकायचा, आणि आवडलेली ओळ पुढच्या वाटसरूला त्याच माणसाच्या नावाने सांगायचा. लोक गेले की खिंडीत पुन्हा तो एकटाच.

म्हातारपणी एका धनगरणीने त्याला विचारलं, “बाबा, आमचं येवढं ऐकलंत. तुमचं बी येकादं म्हना की.”

नागोजीचे ओठ हलले, असे सांगतात. मग तो म्हणाला, “तू पाणी प्यालीस ना?”

आजही आम्ही गावकरी पाळीपाळीने हा रांजण भरतो. इथे बसून गेलेल्या साध्यासुध्या माणसांच्या कितीतरी ओळी आम्हाला पाठ आहेत. नागोजीची मात्र एकही नाही. बायकोवरचं ते कवन त्याने जन्मात एकदाच म्हटलं, आणि ते कुणी ऐकलं की नाही, हे सांगायला कुणीच उरलं नाही.