टपावरचा कुरकुऱ्या बोल्ट

गाड्यांच्या डोक्यावर नुकतेच तंबू चढायला लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. एका जीपच्या टपावरचा तंबू चार बोल्टांनी धरून ठेवला होता. त्यातला धाकटा भलताच घाबरट. घाटातला पहिला खड्डा आला आणि तो कुरकुरला, "दादा, मी सैल झालोय!"

"हळू बोल!" थोरल्यानं दटावलं. "असं चारचौघांत सांगायचं असतं का? आम्ही तिघं बघ कसे गप्प आहोत!"

"पण तंबू दरीत गेला म्हणजे?"

"निदान आपली अब्रू तरी राहील," मधल्या दोघांतला एक म्हणाला. तंबूनं वरच्या वर आपल्या दोऱ्या आवळून धरल्या.

पुढच्या वळणावर धाकट्याला राहवेना. तो असा किंचाळला, की गाडी चालवणाऱ्या शर्वरीताईंनी करकचून ब्रेक दाबला. पाना घेऊन त्या वर चढल्या. धाकट्याला अर्धाच फेर पुरला. पाना हातात होताच, म्हणून त्यांनी बाकीचेही तपासले. तिघंही नुसत्या बोटांनी गरागरा फिरले.

"अगं बाई!" म्हणत त्यांनी तिघांना चांगलं पिळलं.

गाडी निघाली. थोरला खाकरून हळूच म्हणाला, "धाकट्या, पुढचा खड्डा आला ना, की आमच्याही वतीनं ओरड हो."