राजेसाहेबांचा पहिला साप

राजेसाहेबांना साप पाळायची हौस आली. घ्यायचा कुणाकडून? डोंगरातल्या लखूची धामण जवळ गेलं की फुत्कारायची. दरबारी गारुडी सर्जेनाथाचा नाग मात्र अगदी गरीब. "माझा नाग कुणाला चावायचा नाही," म्हणत सर्जेनाथ तासभर स्वतःचेच पोवाडे गात होता.

सापाला खाऊ घालायचं काम मुदपाकखान्यातल्या गिरजाक्काकडे येणार होतं. तिने नागापुढे उंदीर सोडला. उंदीर फण्यावर चढून बसला, तरी नाग जबडा उघडेना. गिरजाक्काने वाकून पाहिलं, तर तोंडाला बारीक टाके.

"मग, घ्यायचा का?" राजेसाहेबांनी विचारलं.

"लखूची धामणच घ्या, सरकार. इथे सापाचं तोंड शिवलंय आणि गारुड्याचं मोकळं सोडलंय. उलट असतं, तर हाच घेतला असता."