पाटकऱ्याचा दिवा

एकदा एक तरुण पाटकरी सायकलला दिवा घ्यायला तालुक्याच्या गावी निघाला आणि जाताना एका म्हाताऱ्याला बरोबर घेऊन गेला. तरुणाचं नाव भागवत. म्हातारा म्हणजे आमचे शेजारी आबा. त्यांनी चाळीस वर्षं आमच्या गावच्या कालव्यावर पाटकरी म्हणून काढली आणि आता तेच काम ते भागवतला शिकवत होते. आबांच्या ओट्यावर जे बोललं जातं ते आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतं, मधली भिंतच तेवढी पातळ आहे, त्याला मी काय करणार. जे ऐकू आलं नाही ते नंतर विचारून घेतलं.

ज्यांच्या गावाला कालवा नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. कालव्याचं पाणी लहान चारीतून शेतांपर्यंत येतं. चारीला प्रत्येक शेतापाशी एक लोखंडी दार असतं, त्याला आम्ही मोघा म्हणतो. कोणाचा मोघा कधी उघडायचा याची पाळी ठरलेली असते. ती पाळली जाते की नाही हे चारीच्या भरावावरून फिरून पाहणारा माणूस म्हणजे पाटकरी. पाणी रात्रीही वाहतं, त्यामुळे रात्रीही फिरावं लागतं. भराव इतका अरुंद की मोटारसायकल घालता येत नाही, सायकलच हवी. भागवत आजवर बॅटरी दातांत धरून सायकल चालवत असे. महिन्याभरात दोनदा तो चारीत पडला, तेव्हा कुठे त्याला दिव्याची गरज पटली.

दुकानदाराने काचेच्या टेबलावर सात-आठ दिवे मांडले. सगळे मोबाइलच्या वायरीवर चार्ज होणारे. भागवतने त्यातला एक लहान काळा दिवा उचलला आणि त्याचे डोळे चमकले.

"हा बघा आबा. एकदा दाबला की पुढचं चाक दिसेल एवढाच उजेड. कोणाला पत्ता लागायचा नाही. आणि दुसऱ्यांदा दाबला की दोन मोघे पलीकडच्या माणसाचं तोंड ओळखू येईल."

"हे कशाला?"

"चोर पकडायला."

"बरं. मला वाटलं, आपण दिवा घ्यायला आलोय."

दुकानदार हसला. आबांनी कोपऱ्यातला एक पिवळा, वांग्याएवढा फुगीर दिवा हातात घेतला आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. हा किती तास चालतो? मधल्या उजेडावर सहा तास, बाबा. संपायच्या आधी काही सांगतो का, की तसाच दगा देतो? अर्धा तास आधी तांबडा ठिपका लागतो. पाऊस लागला तर चालेल? चालेल. उजेड पसरट पडतो का? शेवटी आबा दुकानाच्या पायरीवर जाऊन एका बाजूला उभे राहिले आणि म्हणाले, "आता लाव. मी चारीच्या पलीकडे उभा आहे असं समज. मला हा बाजूनं येताना दिसतो का, ते बघू दे."

दिव्याच्या दोन्ही कडांना काचेच्या पट्ट्या होत्या. दिसत होता.

"भागवत, हा घे."

"आबा, हा वरातीतला दिवा आहे. मी निघालो की अख्ख्या शिवाराला कळेल."

"हो," आबा म्हणाले.

भागवतला हे उत्तर काही कळलं नाही. वय झालं की माणूस असं बोलतो, असं मनाशी म्हणून त्याने काळाच दिवा घेतला. आबांनी वाद घातला नाही. पिवळा त्यांनी स्वतःच्या जुन्या सायकलसाठी घेतला. एका वेळी दोन दिवे खपले म्हणून दुकानदाराने चहा पाजला.

आता या दिव्यावर काय अवलंबून होतं ते सांगते. चारीच्या अगदी शेवटच्या टोकाला, ज्याला सगळे टेल म्हणतात, यमुनाबाईंचा दोन एकर गहू होता. मागच्या पाळीला त्यांच्या वाफ्यापर्यंत पाणी आलं ते बोटभर. ह्या पाळीच्या शेवटच्या दोन रात्री त्यांच्या होत्या. त्या भागवतच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "भाऊ, दाणा दुधात आहे. हे एक पाणी मिळालं तर तो भरेल. नाही मिळालं तर ओंब्या दिसतील आणि हातात येईल भुसकट." त्या रडल्या नाहीत की काही नाही, एवढं बोलून गेल्या. पण त्या रात्री भागवत नीट जेवला नाही, हे त्याच्या बायकोने मला सांगितलं.

पहिल्या रात्री भागवत काळ्या दिव्याच्या कवडशात, पेडलचाही आवाज न करता निघाला. मध्यावर रंभाजींचा मळा आहे. रंभाजी तसे सरळ माणूस, पण पाणी समोरून वाहताना दिसलं की भल्याभल्यांचा हात वळवळतो. त्यांचा मोघा चार बोटं उचललेला होता आणि खोरं घेऊन ते वाफा फोडत होते. पाहुणे आलेले जावई शेजारी उभे होते. भागवतने दिवा दुसऱ्यांदा दाबला आणि तो झोत सरळ त्यांच्या तोंडावर धरला.

"रंभाजीकाका, पाळी कोणाची?"

रंभाजींनी डोळ्यांवर हात घेतला. "दिवा खाली कर."

"आधी मोघा खाली करा."

मोघा खाली झाला. भागवत ऐटीत पुढे गेला. पण सकाळी पाणीवाटप संस्थेच्या कचेरीपाशी रंभाजी चारचौघांत म्हणाले, "घेतलं असेल मी चार बोटं पाणी. पण पिकात शिरलेलं डुक्कर आहे का मी, तोंडावर उजेड मारून बघायला? तेही जावयासमोर." लोकांनी माना हलवल्या. चोरी रंभाजींची होती आणि खाली बघायची वेळ भागवतवर आली. आणि एवढं करून यमुनाबाईंच्या शेतात काय पोचलं होतं? वाफ्याच्या तोंडाशी ओल, बस्स.

दुसरी रात्र शेवटची. जेवणं झाल्यावर आबांनी सायकल बाहेर काढली, पिवळा दिवा लावला आणि भागवतला म्हणाले, "चल, आज मी पुढे."

चारीच्या तोंडाशी पोचल्यावर आबांनी एक विचित्र गोष्ट केली. ते पुढे गेलेच नाहीत. सायकलचं तोंड शिवाराकडे वळवून, दिवा तसाच जळत ठेवून ते तिथेच उभे राहिले. मग घंटी वाजवली. मग खाकरले. मग एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "भागवत, तंबाखू आहे का रे?" की लांबच्या वस्तीवरचं कुत्रं भुंकलं. आबांनी तंबाखू सोडून बारा वर्षं झाली आहेत.

अंधारात पुढे कुठेतरी कर्र आवाज झाला. थोड्या वेळाने त्याहून लांबून आणखी एक.

भागवत चिडला. "ऐकलंत? दोन मोघे बंद झाले. गुपचूप गेलो असतो तर दोघं हातात सापडले असते."

"सापडल्यावर काय करणार होतास?"

भागवतने सायकल पुढे ढकलली.

ते हळूहळू निघाले. रंभाजींच्या मळ्यापाशी मोघा घट्ट बंद होता आणि रंभाजी भरावावर हवा खात बसल्यासारखे बसले होते.

"काय आबा, ह्या वयात?"

"झोप येत नाही. जावई गेले का?"

"उद्या जातील."

"त्यांना सांगा, पुढच्या खेपेला आमच्याकडे जेवायला या." एवढंच बोलून आबा पुढे सरकले.

तिथून शंभर पावलांवर ते थांबले. पिवळ्या दिव्याचा उजेड भरावाच्या दोन्ही अंगांना पसरत होता, आणि बाहेरच्या अंगाला माती काळीशार दिसत होती. आबा खाली वाकले. घुशीचं बीळ. चारीतलं पाणी त्यातून मनगटाएवढ्या धारेनं ओढ्याकडे चाललं होतं.

"हे आजचं नाही," आबा म्हणाले. "काल तू इथूनच गेलास ना?"

भागवत इथूनच गेला होता. पण तेव्हा त्याचा उजेड चाकापुरता होता आणि लक्ष माणसांवर.

बीळ बुजवायला खोरं हवं, गोणपाट हवं, आणि आणखी दोन हात हवेत. आबा भरावावर बसले आणि म्हणाले, "जवळ फक्त रंभाजी आहे. जा."

भागवत ती शंभर पावलं कसा चालला असेल ते त्यालाच ठाऊक. जाताना त्याने काळा दिवा सायकलवरून काढून हातात घेतला होता. रंभाजींसमोर तो उभा राहिला. "काका, भराव फुटायला लागलाय. खोरं मिळेल का?"

रंभाजींनी त्याच्याकडे क्षणभर बघितलं. मग उठले. "दिवा खाली धर. येतो."

तिघांनी मिळून बीळ बुजवलं. गोणपाटात माती भरून रंभाजींनी ती स्वतः पायाने दाबली, कंबरभर पाण्यात उभं राहून. तांबडं फुटायच्या आधी टेलला पाणी खळाळत पोचलं, आणि यमुनाबाई वाफ्यामागून वाफा भरत गेल्या.

सकाळी आबा ओट्यावर अंगाला तेल लावत होते. भागवत खाली बसला होता. मी मेथी निवडत होते, म्हणजे भिंतीच्या ह्या बाजूला.

"आबा, तुम्ही त्यांना सावध का केलंत?"

"अरे, पाटकऱ्याला चोर नको असतो, त्याला पाणी टेलला पोचवायचं असतं. माझा उजेड लांबून दिसला की ज्याचा मोघा उघडा आहे त्याला तो आपल्या हातानं बंद करायला वेळ मिळतो. मग तो चोर ठरत नाही, मीही शिपाई ठरत नाही. तरुणपणी मीही एकाला असाच पकडला होता. त्यानं पाणी घ्यायचं काही सोडलं नाही, माझ्याशी बोलायचं मात्र सोडलं. मरेपर्यंत. त्याच्या शेताजवळ भराव फुटला तेव्हा मी रात्रभर एकटा माती ओढत होतो."

"आणि एवढं करून कोणी नाहीच ऐकलं तर?"

"तर संस्थेची वही आहे, दंड आहे. त्याला दिवसा बोलवायचं आणि सांगायचं. रात्री एकट्या माणसाच्या तोंडावर नाही."

 भागवत उठला, आपल्या सायकलवरचा काळा दिवा काढून ओट्यावर ठेवला आणि आबांच्या सायकलचा पिवळा दिवा स्वतःच्या सायकलला बांधू लागला. आबांनी तेलाची वाटी बाजूला सरकवली. "पट्टा नीट आवळ," ते म्हणाले, "भरावावर धक्के बसतात."

काळा दिवा आता आबांच्या उशाशी असतो. चष्मा शोधायला तो फार चांगला आहे म्हणतात. यमुनाबाईंनी नव्या गव्हाची पायली आबांकडे आणली, त्यातला थोडा आमच्याकडेही आला. पोळी मऊ होते. आणि पाळीच्या दिवसांत मी मागचं दार लावायला जाते तेव्हा चारीवरून तो पिवळा उजेड सावकाश येताना दिसतो, आणि रंभाजींच्या मळ्यापाशी हल्ली तो चहापुरता थांबतो.

तुम्हीही कधी असा दिवा घ्यायला गेलात तर तो किती लांबचं दाखवतो हे विचाराच, पण तो समोरच्याला किती लांबून दिसतो, हेही विचारा.