खालची पायरी

"सगळी मुलं डोळे मिटून बसतात. ही एकटी फाटकाकडे बघत राहते. हिचं काय करू, बाबा?"

अच्युतने हे विचारलं, तेव्हा नागनाथबाबा मठाच्या ओसरीवर चिंचा सोलत होते. अच्युत याच मठात लहानाचा मोठा झालेला. आता तालुक्याला त्याचं मुलामुलींचं वसतिगृह होतं. तिथे तो मुलांना रोज ध्यानाला बसवी, आणि ते बघायला लांबलांबून शिक्षक येत.

त्याच्यामागे आठ वर्षांची सुगंधा उभी होती. वसतिगृहात आल्यापासून ती कुणाशी बोलली नव्हती. आता तर तिने जेवणही टाकलं होतं.

"काय काय केलंस?"

"श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवलं. मनातलं चित्र काढ म्हणून कागद दिला. रोज विचारतो, आज कसं वाटतंय?"

"मग?"

"मान खाली घालते."

बाबांनी हात पुसले. "चल गं पोरी, खाली बसू."

दोघं शेवटच्या पायरीवर जाऊन बसली. समोर घाटाचा रस्ता होता. बाबांनी डोळे मिटले.

अच्युत वरून बघत राहिला. वडील त्याला इथे ठेवून गेले, तेव्हा तो हिच्याएवढाच होता. याच पायरीवर बसायचा. संध्याकाळी स्वयंपाकघरातून ओल्या लाकडांचा धूर यायचा, शेवटची एसटी घाट उतरायची, आणि तिचा आवाज विरेपर्यंत तो कान देऊन ऐकायचा. बाबा तेव्हा तरुण होते. शेजारी येऊन बसायचे, डोळे मिटून, गप्प. अंधार पडला की दोघे उठून जेवायला जायचे.

आपण ध्यान शिकलो ते तिथे, असं तो आजवर सगळ्यांना सांगत आला होता.

ऊन कललं. एक एसटी घाटात शिरली.

"ही आमच्याकडे जाते?" सुगंधाने विचारलं.

अच्युत चमकून उभा राहिला.

"नाही गं," बाबा म्हणाले. "तुमच्याकडे कुठली जाते?"

"वाडीत गाडी येतच नाही. नदीपर्यंत येते. तिथे आई उभी असते..."

ती रडू लागली. बाबांनी तिला उगी उगी केलं नाही, पाठीवरून हातही फिरवला नाही. नुसते बसून राहिले. पुष्कळ वेळाने तिने फ्रॉकला नाक पुसलं आणि भाकरी आहे का, म्हणून विचारलं.

ती आत जेवायला बसली, तसा अच्युत पायऱ्या उतरून बाबांजवळ आला.

"बाबा, माझ्याशेजारी बसायचात तेव्हा तुम्ही मनात काहीतरी म्हणत असायचात. आज हिच्याजवळही म्हणालात. तो मंत्र मला द्या. माझ्याकडे अशी आणखीही पोरं आहेत."

बाबा रस्त्याकडे बघत होते...

"मंत्र कसला, अच्युता? मलाही घरची आठवण यायची."