आव्हानाचं पान

“मग खून केला तरी कोणी?” गेन्शू गुरुजींनी विचारलं.

प्रश्न लेखक मिनेगिशीला होता.

जपानात रहस्यकथा म्हटलं की त्याचं नाव निघायचं. इतक्या वर्षांत आपला खुनी एकाही वाचकाला ओळखता आला नाही, हे तो छाती फुगवून सांगायचा. वाचकांना मनातून जरा बावळटच समजायचा.

“सांगत का नाहीस?” दोरीला मुळा बांधत गुरुजी म्हणाले. मठाच्या अंगणात लोणच्यासाठी मुळे वाळत घालायचं काम चाललं होतं.

“गुरुजी... मलाच ठाऊक नाही.”

बोलून टाकलं एकदाचं.

त्याचं असं झालं होतं. एका मासिकात त्याची कादंबरी क्रमशः येत होती. शेवटच्या भागाआधी, तिथल्या रहस्यकथांच्या रिवाजाप्रमाणे, त्याने वाचकांना आव्हान दिलं होतं : ‘सगळे धागेदोरे तुमच्यासमोर आहेत. आता खुनी तुम्हीच ओळखा.’ लिहिता लिहिता शेवट सुचतोच, या भरवशावर गडी ते पान ऐटीत छापून मोकळा झाला. या खेपेला शेवट सुचलाच नाही. संपादक दारात ठाण मांडून बसलेला. आता पितळ उघडं पडणार, आयुष्यभर कमावलेलं नाव मातीत जाणार, या भीतीने त्याने मठ गाठला होता.

“मन शांत होईल असं काहीतरी सांगा,” तो काकुळतीला येऊन म्हणाला.

गुरुजींनी त्याच्या हातात एक मुळा दिला.

“मन राहू दे. हा बांध. माझा संशय त्या डॉक्टरवर आहे.”

“तुम्ही... माझी कादंबरी वाचताय?”

“न्हावी जुने अंक आणून देतो. डॉक्टरच ना?”

मिनेगिशीचा ताठा लगेच जागा झाला. “छे! डॉक्टर तेव्हा बोटीवर होता. पहिल्याच भागात आहे. वाचता की नुसती पानं उलटता?”

“मग पुतण्या.”

“त्याचा हात मोडलाय! प्रेत उचलेल कसं?”

“बरं, मग ती विधवा.”

“तिने समोरच्या बेटावरचा दिवा विझताना पाहिला. खुनी त्या वेळी तळघरात होता. त्याला तो विझलेला कळणंच शक्य...”

...

मुळा हातातून खाली पडला.

दिवा विझलेला बाकी सगळ्यांनी पाहिला होता. एकच जण दुसऱ्या दिवशी म्हणाला होता की, दिवा रात्रभर जळत होता. ते वाक्य मिनेगिशीनेच लिहिलं होतं, आणि लिहून पार विसरून गेला होता.

त्याचा जीव भांड्यात पडला. कित्येक दिवसांनी छातीभर श्वास घेतल्यासारखं वाटलं. हसू आवरेना, डोळ्यांतलं पाणीही आवरेना. एवढा नावाजलेला माणूस, पण अंगणात नाचायचाच काय तो बाकी राहिला.

“सापडला! गुरुजी, तुम्हाला आधीच कळलं होतं ना? खुनी म्हणजे तो...”

मातीने भरलेला एक तळवा त्याच्या तोंडावर येऊन बसला.

“नाव सांगू नकोस,” गुरुजी म्हणाले. “माझा अजून चौथाच भाग चाललाय.”